आजोबांची फियाट तुमच्याकडे आली आहे? रंग मारण्याआधी तिचा इतिहास शोधा

गाडी वारशाने आली की घरात सगळ्यांत आधी रंगाचा विषय निघतो. दुसरा विषय सीट कव्हरचा. दोन्ही थोपवून धरा. जुना रंग, उसवलेलं रेक्झिन, डिकीतली कुजकी चटई, डॅशबोर्डखाली कोंबलेली वायर हे सगळं पुरावे आहेत, आणि गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी नेमकं हेच उचकटून कचऱ्यात जातं. पत्रा नंतर कधीही ठोकता येतो, पण तिसऱ्या थराखालचा मूळ रंग एकदा घासून काढला की तो कोणता होता हे सांगणारं कुणी उरत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत वारशाने येणारी गाडी बहुतेक वेळा कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची असते: फियाट ११०० किंवा पद्मिनी. म्हणून इथली उदाहरणं तिचीच आहेत. उत्तरपाड्याची अँबेसेडर असो की मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, पद्धत तीच राहते, फक्त खुणा बदलतात.

पायरी १: गाडी आहे तशी टिपून घ्या

धुण्याआधी फोटो काढा. चारी बाजू, चारी दारं उघडून, बॉनेटखाली, डिकीत, चटया उचलून, डॅशबोर्डखाली टॉर्च मारून. काचेवरचे स्टिकर, टॅक्स टोकनचा गोल कागद, जुन्या क्लबचा बिल्ला, डीलरची छोटी पट्टी यांचे जवळून फोटो घ्या. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करताना एकही चिठ्ठी टाकू नका. सीटच्या फटीत पेट्रोलची पावती सापडते, आणि तिच्यावरचा पत्ता गाडी त्या वर्षी कुठल्या गावात होती ते सांगतो.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर चावी फिरवून बघायचा मोह होईल. इतिहास शोधायला इंजिन चालू असावं लागत नाही. ते काम मिस्त्रीच्या देखरेखीखाली नंतर करा.

पायरी २: ही नक्की कोणती गाडी आहे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कारण आपल्याकडे पद्मिनीला शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणत राहिले. "बाबांची चौऱ्याहत्तरची फियाट" ही कागदावर प्रीमियर असू शकते, आणि पुढे लावलेला फियाटचा बिल्ला नंतर कुणीतरी हौसेने आणून बसवलेला असू शकतो.

थोडा इतिहास लागेल. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद समूहाने काढली. आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, फार्गो, मग इटलीच्या फियाटशी करार. सुरुवातीला छोटी फियाट ५०० इथे जुळवली गेली, आणि १९५४च्या सुमारास ११०० आली. दान्ते जाकोसा या इंजिनिअरने रचलेलं हे मॉडेल इटलीत १९५३ साली बाजारात आलं होतं. तिथून पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत गेली.

या सगळ्या जुन्या ११०० ओळखायची खूण लांबूनही दिसते: पुढची दारं मागच्या बाजूने बिजागरीला असतात, म्हणजे उलटी उघडतात. मुंबईत हिलाच डुक्कर फियाट म्हणतात. १९६४ साली ११०० डी, म्हणजे आपल्याकडची 'डिलाइट', आली आणि पुढची दारं नेहमीसारखी पुढच्या बाजूने बिजागरीला गेली. म्हणजे दार उघडलं की १९६४ची रेषा कळते. उलटं दार असलेली गाडी आणि आरसीवर १९६८ असा प्रकार दिसला तर काहीतरी गडबड आहे, पुढे जाण्याआधी तिथे थांबा.

फियाटचा परवाना १९७२मध्ये संपला. त्यानंतर गाडी प्रीमियर प्रेसिडेंट नावाने विकली गेली आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी. तिन्ही गाड्यांचं शरीर जवळपास एकच. फरक पाहायचा तो पुढच्या जाळीत, बिल्ल्यांत, मागच्या दिव्यांत आणि आतल्या बारीकसारीक गोष्टींत. आता अडचण अशी की हे सगळे भाग स्क्रूने निघतात. प्रेसिडेंटला पद्मिनीची जाळी बसवणं अर्ध्या तासाचं काम. म्हणून जाळी आणि बिल्ला हा कच्चा पुरावा समजा, पक्का नाही. प्रेसिडेंट मात्र थोडाच काळ निघाली, त्यामुळे तुमची गाडी खरंच ती असेल तर खूश व्हा, आणि जाळीला हात लावण्याआधी दोनदा विचार करा.

पद्मिनीतही सगळी वर्षं सारखी नाहीत. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हातातला गिअर आणि पुढे सलग बाकासारखी सीट ही नेहमीची रचना. शेवटच्या वर्षांतल्या काही गाड्यांत गिअर खाली जमिनीवर आला आणि पुढे दोन वेगळ्या सीट आल्या. सत्तरच्या दशकातल्या गाडीत जमिनीवरचा गिअर दिसला तर तो नंतर बसवलेला आहे.

इथे एक सापळा आहे. इंटरनेटवर ११०० डी शोधलीत तर इटलीतली माहिती वर येते. तिथली ११०० डी १२२१ सीसीची. आपल्या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव). परदेशी माहिती वाचून "माझं इंजिन बदललेलं आहे" असं वाटून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. भारतातली गाडी भारतातल्या पुस्तिकेवरूनच तपासा. मालकाची पुस्तिका आणि वर्कशॉप मॅन्युअल जुन्या पुस्तकांच्या दुकानात, चोर बाजारात, क्लबच्या लोकांकडे मिळतात. मूळ प्रत मिळाली नाही तर झेरॉक्सही पुरते.

पायरी ३: नंबर वाचा, आणि हाताने वाचा

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर हे दोन आकडे पुढच्या सगळ्या कामाचा पाया. बॉनेट उघडल्यावर इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये जो उभा पत्रा दिसतो, म्हणजे फायरवॉल, तिथे कंपनीची पट्टी आणि पत्र्यात ठोकलेला नंबर शोधा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, आणि त्यावर तेल आणि मातीचा थर इतका असतो की आधी रॉकेलचं फडकं लागतं. वायर ब्रश लावू नका. अक्षरांच्या कडा झिजल्या की पुढे तपासणीत तुमच्यावरच संशय येतो.

नंबर लिहून घेतलात तरी त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा आणि छाप घ्या. आरटीओत हीच छाप मागतात, आणि डोळ्याला ३ वाटणारा आकडा छापेत ८ निघतो.

आता ती छाप नीट पाहा. अक्षरं एका ओळीत, एका खोलीची आहेत का? पत्र्याच्या आजूबाजूला वेल्डिंगचा शिवण आहे का? पट्टीचे रिव्हेट जुने आहेत की चकचकीत? या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. म्हणून फायरवॉलचा तुकडा कापून दुसऱ्या बॉडीत जोडलेला असेल तर ती गाडी म्हणजे एका गाडीचा नंबर आणि दुसऱ्या गाडीचं शरीर. असं काही दिसलं तर रिस्टोरेशनचा खर्च सुरू करण्याआधी जाणत्या माणसाला आणि वकिलाला दाखवा.

इंजिन नंबर जुळला नाही तर मात्र लगेच निराश होऊ नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीने आयुष्यात एकदा तरी ब्लॉक बदललेला असणं नेहमीचं आहे. प्रश्न एवढाच की तो बदल आरसीवर चढवला होता का. चढवला असेल तर तो गाडीच्या इतिहासाचा रीतसर भाग. नसेल तर नाव बदलण्याच्या वेळी अडकणार, त्यामुळे आधीच तयारी ठेवा.

डिझेलचं इंजिन असेल तर आरसीतला इंधनाचा रकाना पाहा. पद्मिनी नव्वदच्या दशकात कंपनीकडूनही डिझेलमध्ये निघाली होती, पण गॅरेजमध्ये पेट्रोल काढून डिझेल बसवलेल्या गाड्याही भरपूर. आणि बॉनेटखाली ११७१ सीसीचं निसानचं इंजिन निघालं, तर ते प्रीमियरच्याच ११८ एनई या १९८५च्या मॉडेलमधून आलेलं. तुमची गाडी त्याआधीची असेल तर बदल कधीनंतर झाला ते तिथेच कळलं.

पायरी ४: कपाटातले कागद

जुनं आरसी बुक हा पाया आहे, आणि जुनं म्हणजे पुठ्ठ्याचं, मागे शिक्के असलेलं. नवं स्मार्ट कार्ड मिळालं म्हणून जुनं फेकून देतात, तिथेच अर्धा इतिहास जातो. मागच्या पानांवर मालकांची नावं, पत्ते, बँकेचं हायपोथिकेशन (कर्जापोटी गाडीवर असलेला बोजा), रंगबदल, इंजिनबदल, टॅक्सच्या नोंदी, दुसऱ्या आरटीओत गेल्याचे शिक्के असतात. प्रत्येक शिक्क्याची तारीख वेगळ्या वहीत उतरवा.

नोंदणीचा क्रमांकही बोलतो. १९८९ साली नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच, जीए अशी आजची पद्धत आली. त्याआधी तीन अक्षरं आणि आकडे असत. बॉम्बे राज्याच्या काळातल्या मुंबईतल्या बऱ्याच गाड्यांचे क्रमांक बीएम या अक्षरांनी सुरू होतात, गोवा-दमण-दीवच्या गाड्यांचे जीडीने. जुन्या गाडीवर आज एमएचचा क्रमांक असेल तर ती बहुधा दुसऱ्या राज्यातून इथे आली किंवा तिची नोंदणी पुन्हा झाली. तेव्हा मूळ क्रमांक कोणता होता ते शोधणं हे तुमचं पहिलं कोडं.

नोंदणीची तारीख म्हणजे गाडी बनल्याची तारीख नव्हे. मुंबईत काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत चढली, आणि कारखान्यातून पद्मिनी निघणं त्याच्या जवळपास दोन वर्षं आधीच थांबलं होतं. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष हा रकाना वेगळा असतो, तो वाचा.

बाकीचे कागद कुठले? डीलरचं बिल, बुकिंगची पावती, विमा पॉलिसी, बँकेचं पत्र, गॅरेजची बिलं, सर्व्हिस कूपन. बुकिंगची पावती सापडली तर जपून ठेवा. तेव्हा नवी गाडी म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची गोष्ट होती. १९५९च्या सरकारी आदेशाने गाड्यांचं वाटप आणि विक्री बांधून टाकली होती, पुढे किमतीवरही नियंत्रण आलं. पावतीची तारीख आणि बिलाची तारीख यांतलं अंतर हे त्या काळाचं चित्रच आहे. लालबहादूर शास्त्रींच्या फियाटचा इतिहास आज इतका पक्का का आहे? कारण त्यामागे कागद आहे: बारा हजारांची गाडी, पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज, डीएलई ६ हा क्रमांक. पंतप्रधानांची गाडी म्हणून ते जपलं गेलं, पण तुमच्या आजोबांनीही कुठूनतरी कर्ज काढलंच असणार.

ज्या कागदावर तारीख नाही तो कसा लावायचा? काही सोप्या खुणा:

- पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं 'बॉम्बे–७०' असं असेल तर आधीचा असू शकतो. मात्र जुन्या सवयीने लोक पुढेही तसं लिहीत राहिले, म्हणून ही खूण एकाच बाजूने चालते.
- विमा कंपनी कोणती? १९७३च्या सुरुवातीला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चारच उरल्या. कुठल्या भलत्याच कंपनीचं नाव असेल तर कागद त्याआधीचा, किंवा थेट २००० नंतरचा.
- बिलावर छापलेलं 'मुंबई' इंग्रजी अक्षरांत असेल तर बहुधा १९९५ नंतरचं.

विमा पॉलिसीवर चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीची धरलेली किंमत असते. इंजिन नंबर एका वर्षीच्या पॉलिसीत एक आणि पुढच्या वर्षीच्या पॉलिसीत दुसरा दिसला, की ब्लॉक कोणत्या साली बदलला ते नेमकं कळतं. बदल आरसीवर चढवलेला नसेल तर एवढी अचूक तारीख दुसरा कागद सहसा देत नाही, आणि नेमक्या याच पॉलिस्या लोक रद्दीत घालतात.

गोव्यातल्या घरात १९६१पूर्वीची गाडी असेल तर कागद पोर्तुगीजमध्ये असू शकतात. पोर्तुगीज राजवटीत तिकडे परदेशी गाड्या थेट येत, म्हणून तिथे मर्सिडीज किंवा ओपेलही निघते. अशा गाडीसाठी युरोपातल्या कंपनीच्या अभिलेखागाराला लिहिता येतं. ब्रिटिश मॉरिस, ऑस्टिन, एमजीसाठी इंग्लंडमध्ये गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या वह्यांवरून दाखला देतं. इटलीत बनलेल्या फियाटसाठी तुरीनला फियाटचं ऐतिहासिक केंद्र आहे. कुर्ल्यात बनलेल्या गाडीसाठी असा दाखला मागवायची सोय हाताशी नाही, त्यामुळे घरातला कागद आणि आरटीओची नोंद यांवरच आपली मदार.

पायरी ५: आरटीओ

नाव बदलणं आणि इतिहास काढणं ही दोन्ही कामं एकाच खिडकीजवळ होतात, म्हणून एकत्र करा.

मालकाचं निधन झाल्यावर ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. तसं कळवलं तर वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायला टाकायचं. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, बाकीच्या वारसांची संमती. २०२१पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो, पण आजोबांच्या गाडीवर तो असणं कठीण. मुदत केव्हाच उलटून गेली असेल, आणि बहुतेक घरांत ती उलटलेलीच असते, तर उशिराचं शुल्क भरून काम होतं. काका, आत्या, चुलत भाऊ यांच्या सह्या मात्र वेळेत घ्या. गाडीची किंमत वाढल्याची बातमी नातेवाइकांत फार लवकर पसरते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, तपासणी करून नूतनीकरण, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. गाडी 'वाहन' या ऑनलाइन यादीत दिसत नसेल तर जुन्या वहीवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ही एंट्री चालू असताना समोर बसा. टाइप करणाऱ्याच्या हातून मॉडेलचं नाव किंवा उत्पादनाचं वर्ष चुकलं की ते दुरुस्त करायला पुढे हेलपाटे पडतात.

याच वेळी आरसी पर्टिक्युलर्सचा अर्ज करा. मूळ नोंदवहीतली माहिती त्यातून मिळते. आरसी बुक हरवलं असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग फॉर्म २६वर दुय्यम प्रत. आधीच्या मालकांचे पत्ते माहितीच्या अधिकारात मागून सहसा मिळत नाहीत, कारण ती तिसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती. जुन्या आरसीच्या पाठीवर जे आहे तेवढंच तुमचं.

एजंटाला काम द्यायचं असेल तर द्या, त्यात लाज नाही. पण मूळ कागद त्याच्या हाती सोडण्याआधी प्रत्येक पानाचं स्कॅन करून ठेवा.

पायरी ६: माणसं

कागदाआधी माणसांकडे जायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी मुद्दाम नंतर ठेवलं आहे. "गाडीचा रंग कोणता होता?" असं मोकळं विचारलं तर तीन काका तीन रंग सांगतात. "१९७१च्या या फोटोत गाडी फिकट दिसते, आणि १९७८च्या बिलात रंगकामाचे पैसे आहेत, तेव्हा काय झालं होतं?" असं विचारलं तर आठवण बाहेर येते. अपघात झाला होता, गाडी पुण्याच्या रस्त्यावर घाटात घासली होती, मामाच्या लग्नासाठी पांढरी केली होती, असं काहीतरी.

घरातल्यांपेक्षा जास्त माहिती ड्रायव्हर आणि मिस्त्री यांच्याकडे असते. मिस्त्री हयात नसेल तर त्याच्याकडे शिकलेला पोरगा आता स्वतःचं गॅरेज चालवत असतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. वर्ष विचारू नका, प्रसंग विचारा. "आणीबाणीच्या आधी की नंतर?" याला उत्तर मिळतं, "किती साली?" याला अंदाज मिळतो.

फोटोंसाठी सगळ्या नातेवाइकांचे अल्बम उघडा. लग्न, मुंज, महाबळेश्वरची सहल. नंबरप्लेट वाचता येते का पाहा. जुन्या खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असत. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून रंगाचं नाव ठरवू नका, पण छत आणि अंग वेगळ्या छटेचे आहेत का, चाकाच्या टोप्या कोणत्या, आरसे कुठे, जाळी कोणती, हे सगळं त्यातून मिळतं.

पायरी ७: पत्रा आणि रंग

आता गाडीजवळ परत या. मूळ रंग शोधायच्या जागा: दाराच्या आतल्या कार्डबोर्डच्या पॅनेलमागे, डॅशबोर्डच्या आत, डिकीत चटईखाली, मागच्या सीटच्या पाठीमागे. रंगारी घाईत असतो, तो इथवर पोचत नाही. तिथे वेगळा रंग दिसला की तोच बहुधा कारखान्याचा. बाहेर एका न दिसणाऱ्या जागी हजार नंबरचा वॉटर पेपर ओला करून नाण्याएवढा गोल हलकेच घासा. थर एकेक करून वलयासारखे दिसतात. त्यांचा फोटो काढा, क्रम लिहा आणि बिलांशी जुळवा. थिनरच्या फडक्याला रंग सुटला तर तो गॅरेजमधला एनसी, म्हणजे ज्याला आपले रंगारी ड्युको म्हणतात तो. नाही सुटला तर भट्टीतला किंवा अलीकडचा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारतात तो.

थर मोजताना कुठे काळा आणि पिवळा निघाला तर समजून जा. मुंबईत पद्मिनीच्या कित्येक गाड्या टॅक्सी म्हणूनच जगल्या, आणि घरातली गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर हे शक्य आहे. जुन्या टॅक्सीचं मीटर डाव्या बाजूला बाहेर असे. त्या जागी बुजवलेली भोकं, छतावर कॅरिअरच्या खुणा, डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोकं शोधा. यात कमीपणा काही नाही, पण आरसीच्या मागे त्याची नोंद असायला हवी.

पत्र्यावर फडक्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. दाराचा खालचा भाग, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी), फ्लोअर, मागच्या चाकावरची कमान इथे गंज आणि जोडकाम सापडणारच. कोकणपट्टीच्या हवेत राहिलेल्या गाडीचा फ्लोअर मूळ असेल तर मीच आश्चर्य करेन. जोड कुठे आहे आणि कसा आहे ते लिहा, एवढंच.

पायरी ८: सुटे भाग स्वतःची तारीख सांगतात

कंपन्यांची नावं पाहा. लुकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ साली सुरू झाली. १९५८च्या एलिगंटमध्ये त्या नावाचा डायनमो असेल तर तो नंतरचा. असाही इंडिया या काच कंपनीचा जन्म ऐंशीच्या दशकातला. तिचा ठसा पुढच्या काचेच्या कोपऱ्यात दिसला तर १९६६च्या गाडीची काच बदललेली आहे, पण बाजूच्या काचांवर जुना ठसा असेल तर त्या मूळ असण्याची शक्यता बरीच. डायनमोऐवजी अल्टरनेटर, रेडिओच्या जागी कॅसेट प्लेअर, सगळ्याची नोंद करा.

बदललेला भाग फेकू नका आणि लगेच "ओरिजिनल" आणायलाही धावू नका. ऑपेरा हाऊस, कुर्ला, पुण्याची नाना पेठ इथे पद्मिनीचे भाग अजून निघतात, पण "कंपनीचा माल" म्हणून मिळणाऱ्या डब्यात बऱ्याचदा नवी नक्कल असते. तुमच्या गाडीवरून उतरवलेला झिजका भाग हातात घेऊन जा, कास्टिंगवरची अक्षरं जुळवा, मगच पैसे द्या.

मग अस्सल कशाला म्हणायचं?

इथे मतभेद आहेत, आणि माझं मत स्पष्ट आहे. कारखान्यातून निघाली त्या दिवसाला परत नेणं हा एकच मार्ग नाही. आजोबांनी १९७०मध्ये बसवलेला जादा फॉगलाइट हा गाडीच्या आयुष्याचा भाग आहे, गेल्या वर्षी भाच्याने बसवलेला निळा एलईडी नाही. आंतरराष्ट्रीय संघटना फिवा ३० वर्षांहून जुनी, इतिहासाला धरून जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानते, आणि तिच्या ओळखपत्रात गाडीवरचे बदलही नोंदवले जातात. म्हणजे बदल झाकायचे नसतात, लिहायचे असतात. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या रॅलीत जाऊन तुमच्याच मॉडेलचे दोन-तीन मालक गाठा. त्यांच्या गाडीशेजारी तुमचे फोटो ठेवून पाहिलेत तर वाचून न कळलेलं तिथे कळतं. फक्त एकाच गाडीवरून निष्कर्ष काढू नका, कारण तीही कुणीतरी उत्साहाने "सुधारलेली" असते.

सरकारची व्हिंटेज नोंदणी ही वेगळी गोष्ट. जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली खासगी गाडी त्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आणि पुढचं नूतनीकरण ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही: रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. रविवारी सकाळी बायको-मुलांना घेऊन लोणावळ्याला जायचं असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा आणि व्हीएच्या मोहात पडू नका. गाडी विकायची असेल किंवा फक्त रॅलीत न्यायची असेल तरच तिकडे वळा.

फाइल

एक जाड फाइल करा. पहिल्या पानावर चॅसी नंबर, इंजिन नंबर, पेन्सिलची छाप, आजवरचे सगळे नोंदणी क्रमांक. त्यानंतर सालवार यादी: तारीख, काय झालं, कशावरून कळलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. "१९७८, रंग बदलला, गॅरेजचं बिल" आणि "१९७८च्या सुमारास, रंग बदलला, मोठ्या काकांची आठवण" या दोन वेगळ्या वजनाच्या नोंदी आहेत, त्या मिसळू देऊ नका. मागे पारदर्शक पाकिटांत मूळ कागद. लॅमिनेशन करू नका, त्याने जुना कागद कायमचा बिघडतो आणि मागचा शिक्का वाचता येत नाही.

स्कॅनची एक प्रत ज्या चुलत भावंडाने सही दिली त्याच्याकडे ठेवा. मूळ फाइल कपाटात राहू द्या, गाडीत नाही. आणि रंगाऱ्याला गाडी द्याल त्या दिवशी फाइलमधलं थरांच्या फोटोंचं पान झेरॉक्स करून त्याच्या हातात द्या, तोंडी रंग सांगू नका.